समुद्राचा वाटा

वार्ड्योहून शुक्रवारच्या बोटीने बाटली आली.
तीन लिटरची, तपकिरी, झाकणाला चिकटपट्टी,
वर मार्करने थरथरत लिहिलेलं: ओड्लेइफ, एक्क्याऐंशी.
हलवली, मोजली. सोळाशे चाळीस मिली.
थेंबे थेंबे तळे म्हणतात ते हेच असावं.

सोबतच्या कागदावर आमचं जुनंच फर्मान:
उठल्यावरची पहिली लघवी सोडून द्या,
मग घड्याळ लावा, पुढची सगळी साठवा,
दुसऱ्या दिवशीची पहिली मात्र धरा.
जुलैत इथे सूर्य मावळत नाही.
उठल्यावर म्हणजे कधी,
हे ज्याचं त्याने ठरवायचं.

डॉक्टरांना हवी होती प्रथिनं, किती गळतात ती.
मी आधी बघते क्रिएटिनिन.
स्नायूंमधून ते रोज सुटतं, जवळपास तेवढंच,
माणूस हसला काय, रुसून बसला काय.
बाकीचे सगळे पाहुणे, हा घरचा गडी.
याची हजेरी कमी भरली की समजायचं,
बाटलीत दिवस पुरा आलेला नाही.

एक थेंब, एकोणपन्नास थेंब पाणी.
पिक्रिक आम्लाचा पिवळा, त्यात अल्कली,
आणि पिवळ्यावर हळूहळू शेंदरी चढत जातो.
यंत्र त्याच्याकडे टक लावून बघत राहतं.
पाच पूर्णांक एक मिलिमोल.
फॉर्मवर वजन चौऱ्याहत्तर किलो.
मला साडेसातच्या पुढे हवं होतं.

फोन लावला.
"एखादी वेळ राहून गेली का हो?"
"नाही."
फारच लवकर आलेलं नाही.
चोराच्या मनात चांदणं असतं,
पण या दिवसांत आमच्याकडे चांदणंही नसतं,
मध्यरात्रीही लख्ख ऊन.
"एकदा," तो म्हणाला. "होडीत होतो. बाटली राहिली स्वयंपाकघरात.
साठ वर्षं काठावर उभं राहूनच करतोय, हात आपोआप…"
पलीकडे पक्षी कलकलत होते.
"दर्यात खसखस, बाई. तेवढ्याने तुमचं काय अडलं?"

मी समुद्राचा वाटा धरला.
तीनशे मिली, जरा सढळ हातानेच.
गुणलं, भागलं. सहा.
तरी कमी.

"वजन शेवटचं कधी केलंत?"
"गुन्वोर होती तेव्हा. तीच घेऊन जायची."
मग बराच वेळ नुसता वारा.
"धक्क्यावर माशांचा काटा आहे. चालेल?"

अर्ध्या तासाने त्याचाच फोन.
एकसष्ट. बुटांसकट. बूट रबरी, ओले.
"हॅलिबट म्हणून बरा भाव आला असता," म्हणाला,
आणि स्वतःच हसला, खोकला येईपर्यंत.

मी चौऱ्याहत्तर खोडून साठ घातले.
आता सहा बरोबर बसत होते.
बाटली खरं बोलत होती,
तोही, एक वेळ सोडली तर.
फॉर्म तेवढा अजून
दोघांच्या स्वयंपाकावर पोसलेल्या माणसाचा होता.
मोठे मासे ओढणारे ते खांदे
कुठल्या हिवाळ्यात उतरले,
हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.
कदाचित त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

शेऱ्याच्या चौकटीत आमच्याकडे साठच अक्षरं मावतात.
मी लिहिलं: संकलन अपूर्ण, एक वेळ. वजन दुरुस्त. जेवणाची चौ
तिथे कर्सर थांबला.
उरलेलं डॉक्टरांना फोनवर सांगितलं.
त्यांनी विचारलं, हे कुठल्या तपासणीत आलं?

ओड्लेइफचा निरोप होता,
बाटली धुऊन परत पाठवा, पेट्रोलला बरी पडते.
नियमाने ती नष्ट करायची असते.
मी नवी एक काढून ठेवली आहे, कोरी,
पुढच्या बोटीसाठी.
नाव नाही घातलं अजून.